मधुमेही बालकांतील रक्तशर्करामापन
मधुमेह झालेल्या बालकाच्या वा किशोराच्या रक्तातील ग्लुकोजाचे प्रमाण दिवसातून अनेक वेळा, ठराविक प्रसंगी मोजून त्यानुसार इन्शुलिनाची मात्रा, आहार व श्रम यांचा मेळ घालण्याच्या क्रियेस रक्तशर्करामापन म्हणतात. हे मापन रुग्णालयातील प्रयोगशाळेपेक्षा घरी, शाळेत व शेतावर अधिक वेळा करावे लागते आणि ते बहुधा आई, वडील किंवा स्वतः बालकच करते. त्यामुळे त्याचा उपयोग उपकरणाच्या अचूकतेइतकाच ते वापरणाऱ्याची समज, स्थानिक हवामान, खाण्यापिण्याच्या चालीरीती व कुटुंबाची आर्थिक स्थिती यांवर अवलंबून असतो. प्रस्तुत नोंदीत या विषयाचे सर्वसाधारण विवेचन करून जळगाव व धुळे या खानदेशातील जिल्ह्यांच्या संदर्भात त्यातील विशेष अडचणींचा विचार केला आहे.

आवश्यकता : बालकांत आढळणारा मधुमेह बहुतांशी पहिल्या प्रकारचा असतो. त्यात शरीराच्या स्वतःच्याच प्रतिरक्षा यंत्रणेकडून अग्निपिंडातील इन्शुलीन तयार करणाऱ्या बीटा कोशिकांचा नाश होतो व बाहेरून इन्शुलीन टोचल्याखेरीज बालक जगू शकत नाही [⟶ इन्शुलीन, मधुमेह]. निरोगी शरीरात अग्निपिंड रक्तातील ग्लुकोजाचा अंदाज क्षणोक्षणी घेऊन तेवढेच इन्शुलीन स्रवते. मधुमेही बालकात हे दोन्ही व्यवहार, म्हणजे अंदाज घेणे व मात्रा देणे, माणसाला करावे लागतात. यांपैकी पहिला व्यवहार नसल्यास दुसरा आंधळा ठरतो. मात्रा कमी पडल्यास काही दिवसांत, कधी काही तासांतच, रक्त अम्लधर्मी होऊन बालक बेशुद्ध होते. मात्रा जास्त झाल्यास रक्तशर्करा एकदम उतरून झटके येतात व क्वचित मृत्यूही ओढवतो. लहान मुलांचा आहार व खेळ रोज सारखा नसतो, तसेच शर्करा उतरल्याची जाणीव त्यांना शब्दांत सांगता येत नाही. म्हणून प्रौढ रुग्णांपेक्षा बालकांत मापनाची गरज अधिक असते.

आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ मधील अंदाजानुसार २० वर्षांखालील पहिल्या प्रकारच्या मधुमेहींची जगातील सर्वाधिक संख्या भारतात (सुमारे २.२९ लाख) आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने तरुण वयात सुरू होणाऱ्या मधुमेहाची नोंदवही २००६ मध्ये सुरू केली आणि पहिल्या प्रकारच्या मधुमेहावरील उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे २०२२ मध्ये प्रसिद्ध केली.

निदान आणि उन्हाळा : मापनाचा पहिला व सर्वांत महत्त्वाचा उपयोग निदानासाठी होतो. वारंवार तहान लागणे, लघवी जास्त होणे, भूक असूनही वजन घटणे, थकवा आणि अंथरूण ओले करण्याची सुटलेली सवय पुन्हा सुरू होणे ही मधुमेहाची प्रमुख लक्षणे होत. तापी खोऱ्यातील उन्हाळा अतिशय कडक असून जळगाव व भुसावळ परिसरात मे महिन्यात तापमान ४५° से. च्याही वर जाते. अशा दिवसांत मुलाची तहान व सुकलेली काया यांचे कारण ऊन हेच आहे, असे घरच्यांना वाटणे स्वाभाविक असते. तथापि उन्हामुळे पाणी कमी पडलेल्या मुलास लघवी कमी व गडद पिवळी होते. मधुमेही मुलास मात्र तहान असूनही लघवी भरपूर व फिकट होते. लघवीच्या जागी मुंग्या लागणे ही खेड्यातील जाणत्या माणसांना माहीत असलेली खूण येथे उपयोगी पडते. पोटदुखी, उलट्या व खोल, जलद श्वास ही पुढच्या अवस्थेची लक्षणे अपचन, ऊन लागणे किंवा फुप्फुसदाह समजली जाण्याचा संभव असतो. अशा बालकास ग्लुकोजाची शीर लावण्यापूर्वी बोटातील एका थेंबाची तपासणी केल्यास निदान एका मिनिटात होते व धोका टळतो. लक्षणे असताना कोणत्याही वेळी घेतलेल्या रक्तात दर १०० मिलि. रक्तद्रवामागे २०० मिग्रॅ. किंवा अधिक ग्लुकोज आढळल्यास मधुमेहाचे निदान करता येते व त्याच दिवशी इन्शुलीन सुरू करणे आवश्यक ठरते.

इतिहास : टोरँटो येथे १९२१ मध्ये एफ. जी. बँटिंग व सी. एच. बेस्ट यांनी इन्शुलीन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथमच १४ वर्षांच्या एका मुलास टोचण्यात आले. मात्रा ठरविण्याचे साधन मात्र दीर्घकाळ मूत्रपरीक्षा हेच राहिले. एस. आर. बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सुचविलेल्या परीक्षेत ५ मिलि. निळ्या विक्रियाकारकात मूत्राचे ८ थेंब टाकून उकळतात. रंग निळाच राहिल्यास मूत्रात साखर नसते. हिरवा, पिवळा, नारिंगी व विटकरी या क्रमाने साखरेचे प्रमाण वाढत जाते. भारतातील असंख्य रुग्णांनी स्पिरिटच्या दिव्यावर ही परीक्षा केली. तिच्या मर्यादा मोठ्या आहेत. रक्तातील ग्लुकोज सुमारे १८० मिग्रॅ. च्या वर गेल्यावरच ते मूत्रात उतरते, म्हणून शर्करा घातक पातळीपर्यंत खाली गेली, तरी परीक्षा केवळ ‘साखर नाही’ एवढेच सांगते. शिवाय मूत्रातील साखर मागील काही तासांची स्थिती दर्शविते, त्या क्षणाची नव्हे.

एल. सी. क्लार्क व सी. लायन्स यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या एंझाइमाच्या साहाय्याने ग्लुकोज मोजणाऱ्या विद्युत अग्राची कल्पना मांडली. १९६० नंतरच्या दशकात रक्ताच्या थेंबाने रंग बदलणाऱ्या पट्ट्या प्रचारात आल्या व १९७० च्या सुमारास रंगाची तीव्रता मोजणारे यंत्र आले. ते जड, महाग व प्रामुख्याने दवाखान्यांसाठी होते. विद्युत रासायनिक तत्त्वावर चालणारे लेखणीएवढे यंत्र १९८७ मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर घरगुती मापन सर्वत्र रूढ झाले.

अमेरिका व कॅनडा या देशांत १९८३–९३ या काळात १३ ते ३९ वर्षे वयाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या व्यापक चाचणीने मापनाचे महत्त्व निर्विवादपणे सिद्ध केले. एका गटाने दिवसातून चार किंवा अधिक वेळा रक्तशर्करा मोजून इन्शुलिनाची मात्रा त्यानुसार बदलली. दुसऱ्या गटास नेहमीचे उपचार मिळाले. पहिल्या गटात जालपटलाचा विकार नव्याने उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. मूत्रपिंडे व तंत्रिका यांच्या विकारांतही मोठी घट दिसली. मात्र शर्करा अतिशय उतरण्याचे प्रसंग सुमारे तिपटीने वाढले. त्या चाचणीत १३ ते १७ वर्षांचे १९५ किशोर होते. त्यांनाही लाभ झाला, परंतु त्यांची शर्करा प्रौढांइतकी आटोक्यात आली नाही. बालमधुमेहावरील उपचारांत लाभ व धोका यांचा तोल साधण्याचा प्रश्न तेव्हापासून केंद्रस्थानी आहे.

मापनाची रीत : यंत्रातील पट्टीवर ग्लुकोजावर क्रिया करणारे एंझाइम असते. रक्ताचा थेंब पट्टीत शोषला गेल्यावर ग्लुकोजाच्या प्रमाणात अल्प विद्युत प्रवाह निर्माण होतो व यंत्र त्याचे आकड्यात रूपांतर करते. भारतात हा आकडा दर १०० मिलि. मागे मिलिग्रॅममध्ये देतात. काही देशांत तो दर लिटरमागे मिलिमोलमध्ये देतात व त्यास १८ ने गुणल्यास भारतीय आकडा मिळतो.

सुई बोटाच्या मध्यावर न टोचता कडेला टोचतात, कारण तेथे वेदना कमी होते. बोटे व जागा आळीपाळीने बदलतात. बोट जोराने पिळल्यास ऊतकातील द्रव रक्तात मिसळून आकडा चुकतो, म्हणून हात खाली सोडून, कोमट पाण्याने धुऊन रक्त बोटाकडे आणणे चांगले. पट्टीची मुदत पाहणे, डबी लगेच घट्ट बंद करणे आणि आकडा वेळेसह वहीत टिपणे ही कामे मापनाचाच भाग होत.

घरगुती यंत्राचा आकडा अंदाजे असतो, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे. आंतरराष्ट्रीय मानकानुसार (२०१३) १०० मिग्रॅ. किंवा त्याहून अधिक मूल्यांच्या बाबतीत यंत्राचे ९५ टक्के निष्कर्ष प्रयोगशाळेतील मूल्याच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे असले, तरी ते ग्राह्य धरतात. म्हणजे प्रयोगशाळेत २०० मिग्रॅ. भरणारे रक्त यंत्रावर १७० किंवा २३० दाखवू शकते. सकाळी १६० व लगेच पुन्हा घेतल्यास १७५ आले, तर त्यात मुलाची वा यंत्राची चूक शोधण्याचे कारण नसते. एकट्या आकड्यापेक्षा अनेक दिवसांतील आकड्यांचा कल महत्त्वाचा असतो.

मापनाच्या वेळा : परवडत असल्यास बालकांत दिवसातून सहा ते दहा वेळा मापन करावे, अशी शिफारस करण्यात येते. सकाळी उपाशी पोटी, प्रत्येक जेवणापूर्वी, जेवणानंतर दोन तासांनी, खेळापूर्वी व नंतर, झोपताना आणि अधूनमधून पहाटे तीनच्या सुमारास या त्याच्या मुख्य वेळा होत. सर्वसाधारणपणे ७० ते १८० मिग्रॅ. ही पातळी इष्ट मानतात व उपाशी पोटी ती ७० ते १४४ मिग्रॅ. असावी, अशी अपेक्षा असते.

पट्ट्या मोजक्या असतील, तेव्हा त्या रोज एकाच वेळी खर्च करणे लाभदायक नसते. रोज फक्त सकाळी उपाशी पोटी मोजणाऱ्या कुटुंबास दुपारच्या व रात्रीच्या चढउताराचा पत्ता लागत नाही. त्याऐवजी एका दिवशी न्याहारीच्या आधी व नंतर, दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणाच्या आधी व नंतर, तिसऱ्या दिवशी रात्रीच्या जेवणाच्या आधी व नंतर असे जोडमापन केल्यास थोड्या पट्ट्यांत संपूर्ण दिवसाचे चित्र मिळते. आजारपण, इन्शुलिनाची मात्रा बदलल्यानंतरचे दिवस आणि शर्करा उतरल्याची शंका यांसाठी काही पट्ट्या नेहमी राखून ठेवाव्या लागतात.

मापनानंतर कृती न झाल्यास ते व्यर्थ जाते. आकडा पाहून काय करावयाचे, हे वैद्याने कुटुंबास लेखी व सोप्या भाषेत सांगणे हा उपचाराचा आवश्यक भाग आहे. आठवडाभर पहाटेची शर्करा चढी राहिली, तर रात्रीची मात्रा तपासावी लागते. रोज शाळा सुटताना ती उतरत असेल, तर सकाळची मात्रा किंवा मधला आहार बदलावा लागतो. केवळ वहीत भरलेल्या आकड्यांनी मुलाची शर्करा आटोक्यात येत नाही.

उष्णता : बहुतेक पट्ट्या ३०° से. पर्यंत साठविण्यासाठी व बहुतेक यंत्रे साधारणतः १०° ते ४०° से. तापमानात वापरण्यासाठी बनविलेली असतात. खानदेशात उन्हाळ्यातील दुपारी पत्र्याच्या घरातील किंवा उभ्या मोटारीतील तापमान या मर्यादा सहज ओलांडते. अशा वेळी यंत्र आकडा न देता तापमानाची खूण दाखविते. पट्टी आधीच बिघडलेली असेल, तर यंत्र चुकीचा आकडाही देते. यंत्र व पट्ट्या घरातील सर्वांत थंड, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवाव्यात आणि मापनापूर्वी यंत्र काही वेळ सावलीत राहू द्यावे.

इन्शुलीनही उष्णतेने हळूहळू निकामी होते. शीतकपाट नसलेल्या किंवा वीज वारंवार जाणाऱ्या घरांत ओलसर वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात इन्शुलिनाची कुपी कोरड्या पिशवीत बांधून ठेवण्याची रीत उपयुक्त ठरली आहे. बाष्पीभवनामुळे मडक्यातील तापमान बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कमी राहते. पट्ट्या मात्र अशा मडक्यात ठेवू नयेत, कारण दमट हवेने त्यांवरील एंझाइम बिघडते. आहार व मात्रा तीच असताना आकडे काही दिवस सतत चढे येऊ लागल्यास कुपी उष्णतेने खराब झाल्याची शंका घेऊन ती बदलणे योग्य ठरते. याउलट उन्हात त्वचेतील रक्तप्रवाह वाढल्याने टोचलेले इन्शुलीन लवकर शोषले जाते व शर्करा अनपेक्षितपणे उतरू शकते. म्हणून उन्हाळ्यात मापनाची संख्या वाढविणे हितावह असते.

फळे व हात : जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा हे तालुके केळीच्या पिकासाठी प्रसिद्ध आहेत. केळे, आंबा किंवा ऊस हाताळल्यावर बोटांवर राहिलेल्या साखरेचा सूक्ष्म अंशही रक्ताच्या लहानशा थेंबात मिसळून आकडा कितीतरी पटींनी वाढवू शकतो. स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ही साखर पुरती जात नाही. हात पाण्याने धुऊन कोरडे करावे लागतात. पाणी जवळ नसल्यास पहिला थेंब पुसून टाकून दुसरा थेंब वापरणे बरे. हा मुद्दा किरकोळ वाटला, तरी खोट्या आकड्यावर विसंबून जादा इन्शुलीन टोचले गेल्यास मुलाच्या जिवास धोका निर्माण होतो. अनपेक्षित चढा आकडा आल्यास मात्रा वाढविण्यापूर्वी हात धुऊन पुन्हा मोजणे, हा नियम प्रत्येक कुटुंबास शिकविणे आवश्यक आहे.

पांडुरोग व दीर्घकालीन मापन : रक्तातील ग्लुकोज तांबड्या कोशिकांतील हीमोग्लोबिनाशी संयोग पावते. या संयुक्त हीमोग्लोबिनाचे (एचबीए१सी) शेकडा प्रमाण मागील दोन ते तीन महिन्यांतील सरासरी शर्करा दर्शविते. ते ७ टक्के असल्यास सरासरी सुमारे १५४ मिग्रॅ. व ९ टक्के असल्यास सुमारे २१२ मिग्रॅ. असते. ही परीक्षा दर तीन महिन्यांनी करतात व बहुतेक बालकांत प्रमाण ७ टक्क्यांखाली असावे, असे मानतात. सरासरी चांगली असली, तरी तिच्यामागे दिवसा ३०० व रात्री ५० असे झोके लपलेले असू शकतात. म्हणून ही परीक्षा रोजच्या मापनाची जागा घेऊ शकत नाही.

सातपुड्याच्या पायथ्याकडील भिल्ल, पावरा इ. आदिवासी समाजांत सिकलसेल या नावाने परिचित असलेला दात्र कोशिका पांडुरोग आढळतो. धुळे जिल्ह्याचा शिरपूर व साक्री हा भाग, जळगाव जिल्ह्याची उत्तर सीमा आणि शेजारचा नंदुरबार जिल्हा (१९९८ पर्यंत धुळे जिल्ह्याचाच भाग) यांत त्याचा विचार करणे अगत्याचे ठरते. या रोगात तांबड्या कोशिका नेहमीच्या सुमारे १२० दिवसांऐवजी फार लवकर नाश पावतात, त्यांना ग्लुकोजाच्या सान्निध्यात राहण्यास पुरेसा काळ मिळत नाही व परीक्षेचा आकडा खोटा कमी येतो. पूर्ण रोग असलेल्या बालकात नेहमीचे हीमोग्लोबिन नसल्याने ही परीक्षाच अर्थहीन ठरते. रोगाचा केवळ वाहक असलेल्या बालकातही प्रयोगशाळेची काही तंत्रे चुकीचा आकडा देतात. याउलट लोहन्यूनतेच्या पांडुरोगात आकडा खोटा जास्त येऊ शकतो. अशा बालकांत दोन-तीन आठवड्यांची सरासरी सांगणारी फ्रुक्टोसामाइन परीक्षा व घरच्या आकड्यांची वही यांवर भर द्यावा लागतो. बोटातील रक्ताच्या मापनावरही पांडुरोगाचा परिणाम होतो : तांबड्या कोशिका कमी असल्यास अनेक यंत्रे प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवितात व उतरलेली शर्करा झाकली जाते. दात्र कोशिका रोगाच्या निर्मूलनासाठी केंद्र शासनाने जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू केली. या भागातील मधुमेही बालकाची दात्र कोशिकांसाठी तपासणी एकदा तरी होणे इष्ट आहे.

सतत मापन : त्वचेखाली बारीक तंतू बसवून ऊतकातील द्रवातील ग्लुकोज दर एक ते पाच मिनिटांनी मोजणारे संवेदक १९९९ पासून वैद्यकीय वापरात आले. एक संवेदक साधारणतः १० ते १४ दिवस चालतो. रक्तातील बदल ऊतकातील द्रवात काही मिनिटे उशिरा उमटतो. त्यामुळे शर्करा वेगाने उतरत असताना संवेदकाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त असू शकतो. आकड्यापुढील बाण शर्करा चढते की उतरते, हे दाखवितो व रात्री इशारा देण्याची सोय असते. लहान मुलांच्या पालकांना हा मोठा दिलासा असतो. दिवसातील ७० टक्क्यांहून अधिक वेळ शर्करा ७० ते १८० मिग्रॅ. च्या दरम्यान व ४ टक्क्यांहून कमी वेळ ७० मिग्रॅ. खाली असणे, हे या पद्धतीतील उद्दिष्ट होय. घामाने संवेदक सुटणे ही उष्ण प्रदेशातील अडचण असून बहुसंख्य कुटुंबांना त्याचा खर्च पेलत नाही.

तातडीच्या अवस्था : शर्करा ७० मिग्रॅ. खाली गेल्यास घाम, थरथर, भूक, चिडचिड वा बावचळलेपणा दिसतो, ५४ मिग्रॅ. खाली मेंदूच्या कार्यास बाध येऊ लागतो. शुद्धीवर असलेल्या मोठ्या मुलास सुमारे १५ ग्रॅ. साखर (तीन-चार चहाचे चमचे) पाण्यात विरघळवून ताबडतोब द्यावी, लहान मुलास वजनाप्रमाणे कमी द्यावी व १५ मिनिटांनी पुन्हा मोजावे. मध्यम आकाराच्या केळ्यात साखर व पिष्ठ मिळून सुमारे २५ ग्रॅ. कार्बोहायड्रेट असले, तरी ते साखरेच्या पाण्याइतके लवकर रक्तात येत नाही. पहिला उपाय म्हणून ते पुरेसे नसते, नंतरचा आहार म्हणून चालते. बेशुद्ध मुलाच्या तोंडात काहीही ओतू नये. त्यास कुशीवर वळवून त्वरित रुग्णालयात न्यावे. मापनाची सोय नसेल व लक्षणे असतील, तर शर्करा उतरली आहे असेच गृहीत धरून साखर द्यावी.

शर्करा २५० मिग्रॅ. च्या वर राहत असल्यास, ताप किंवा उलट्या असल्यास मूत्रातील कीटोने पट्टीने तपासतात. इन्शुलिनाच्या अभावी शरीर वसेचे विघटन करते, कीटोने साठतात व रक्त अम्लधर्मी होते. आजारी मूल जेवत नाही म्हणून इन्शुलीन बंद करणे ही घातक समजूत आहे. आजारपणात इन्शुलीन पूर्णपणे कधीही थांबवायचे नसते. दर दोन ते चार तासांनी मोजून मात्रा कमी-अधिक करावी लागते. निदानानंतर काही आठवड्यांनी शिल्लक बीटा कोशिका काही काळ पुन्हा काम करू लागतात व इन्शुलिनाची गरज घटते. या अवस्थेत रोग बरा झाला असे समजून, किंवा कारल्याचा रस व झाडपाल्याच्या भरवशावर, इन्शुलीन सोडणाऱ्या मुलांच्या जिवास मोठा धोका असतो. शर्करा पुन्हा चढू लागल्याची पहिली सूचना नियमित मापनातूनच मिळते.

आहार, सण व पौगंडावस्था : ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी, वरण-बट्टी व वांग्याचे भरीत हा खानदेशी आहार मधुमेही बालकास वर्ज्य नाही. कशाने शर्करा किती चढते, हे जेवणापूर्वी व नंतर मोजून त्या बालकापुरते ठरविता येते. आखाजीचा (अक्षय तृतीया) आमरस व पुरणपोळी, तसेच श्रावणातील कानबाईचे रोट यांपासून मुलास पूर्णपणे दूर ठेवल्यास ते चोरून खाते व आकडा लपविते. मोजून, मात्रा बेताने वाढवून थोडे खाऊ देणे अधिक सुरक्षित ठरते. उपवासाच्या दिवशी दीर्घ प्रभावी इन्शुलीन चालूच ठेवावे लागते व शर्करा उतरण्याचा धोका असल्याने मापन वाढवावे लागते.

पौगंडावस्थेत वाढीच्या हॉर्मोनांमुळे इन्शुलिनाची गरज वाढते. मुलींत ऋतुकाळाच्या आसपास आकडे बदलतात. याच वयात मुले मापन टाळू लागतात किंवा वहीत मनाने आकडे भरतात. चढा आकडा दिसताच घरी बोलणी बसत असतील, तर मूल खरा आकडा सांगत नाही. आकडा हा परीक्षेतील गुण नसून पुढची मात्रा ठरविण्याचे साधन आहे, ही जाणीव पालकांत रुजल्यास खोट्या नोंदी कमी होतात. लग्न जुळणार नाही या भीतीने मुलींचा आजार लपविला जातो, तेव्हा शाळेत वा पाहुण्यांकडे मोजणे व टोचणे बंद पडते आणि त्याची किंमत त्या मुलीस आरोग्याने मोजावी लागते.

शाळा व स्थलांतर : शाळेत असताना मापन करण्याची, खाण्याची व शौचास जाण्याची मुभा मधुमेही मुलास हवी. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात साखरेच्या गोळ्या व खाद्यपदार्थ नेण्याची परवानगी दिली आणि राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये अशा मुलांना शाळेत सवलती देण्याविषयी राज्यांना कळविले. वर्गशिक्षकास शर्करा उतरल्याची लक्षणे व साखरपाण्याचा उपाय माहीत असणे ही किमान गरज आहे. निवासी आश्रमशाळांत पालक जवळ नसल्याने अधीक्षकास इन्शुलिनाची साठवण, यंत्राचा वापर व रात्रीची देखरेख यांचे प्रशिक्षण हवे. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जाणाऱ्या कुटुंबांतील मुलांची अवस्था सर्वांत नाजूक असते. हंगामास निघताना पुरेसे इन्शुलीन, पट्ट्या व मात्रा लिहिलेले कार्ड बरोबर देणे आवश्यक असते.

खर्च व सेवा : २०२० नंतरच्या काळात एका पट्टीची किरकोळ किंमत साधारणतः १० ते ३० रुपये आहे. दिवसातून चार वेळा मोजल्यास महिन्यास सुमारे १,२०० ते ३,६०० रुपये केवळ पट्ट्यांवर खर्च होतात. शेतमजुराच्या घरात हा खर्च इन्शुलिनाच्या खर्चाशी स्पर्धा करतो व बहुधा मापनच प्रथम बंद पडते. नागपूर येथील ड्रीम ट्रस्ट व छत्रपती संभाजीनगर येथील उडान या संस्था गरीब मधुमेही मुलांना साहाय्य व शिक्षण देण्याचे कार्य करतात. खानदेशात धुळे येथे श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व जळगाव येथे २०१८ मध्ये सुरू झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. मात्र दरमहा शहरात येणे दूरच्या पाड्यावरील कुटुंबास कठीण असते. इन्शुलिनाबरोबर मोजक्या पट्ट्याही प्राथमिक आरोग्य केंद्रातून नियमितपणे मिळाव्यात, तेथील परिचारिकेने वही पाहून मात्रेविषयी शहरातील वैद्यास दूरध्वनीवर विचारावे आणि उन्हाळ्यापूर्वी प्रत्येक कुटुंबास साठवणीची माहिती पुन्हा द्यावी, एवढी व्यवस्था झाली, तरी तातडीच्या अवस्थांपैकी पुष्कळ टाळता येतात. नियमित मापन व त्यानुसार उपचार मिळालेली मधुमेही बालके इतरांप्रमाणेच वाढतात, शिकतात, खेळतात आणि पुढे संसार व व्यवसाय करू शकतात.